गावची घरे बांधण्याचा आमचा धंदा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर पाककृती, बालसंगोपन, आरोग्य अशा विषयांवर पुष्कळ भाषणे झाली. यंदा चिटणीसबाईंनी मला आमच्या धंद्याविषयी चार शब्द बोलावयास सांगितले. घर चालविणे हा आपणा सर्वांचाच विषय. परंतु घरे बांधून देणे आणि त्यावर संसार चालविणे हाही भाषणाचा विषय होईल असे मला कधी वाटले नव्हते. जे रोज करते तेच सांगावयाचे आहे, म्हणून होकार दिला.

आमचा धंदा लहान आहे. धाकटे भावोजी बांधकामाचा डिप्लोमा झालेले. नकाशा, मोजमाप आणि कामावरची देखरेख ते पाहतात. हिशेब, बँक, गिऱ्हाइकांशी बोलणे आणि मजुरी वाटणे ही कामे मजकडे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यांतून, ज्याच्या त्याच्या जागेवर, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे आम्ही एकेक घर बांधून देतो. कोणी मुंबईची नोकरी संपवून कायमचे गावी येणारे असतात, कोणी फक्त गणपतीला आणि मे महिन्यात येणारे, तर कुठे तिघे भाऊ मिळून वडिलांचे पडके घर नव्याने उभारीत असतात. एकाचा नकाशा दुसऱ्यास उपयोगी पडत नाही. म्हणून तयार नमुन्यांचे पुस्तक आम्ही ठेवलेलेच नाही.

पहिल्या भेटीत आम्ही खोल्या किती हे विचारीत नाही. घरात म्हातारे माणूस आहे का, रात्री उठल्यावर त्याला किती पावले चालावे लागेल, गणपतीला किती पाने मांडता, नारळ, आमसुले, पापड कोठे वाळत घालणार, घर वर्षातून किती महिने बंद राहणार, असे प्रश्न असतात. पुष्कळदा उत्तरे पुरुष मंडळी देतात आणि घरातली बाई मागे उभी असते. मी मुद्दाम तिला पुढे बोलाविते. ओटा किती उंच हवा, हे त्या ओट्यापाशी उभे राहणारीनेच सांगावयास हवे. माणसाकडे पाहून घर आखण्याची ही रीत आम्ही शोधलेली नाही. केरळात लॉरी बेकर यांनी कित्येक वर्षे असेच काम केले. इंग्लंडात जन्मलेला हा वास्तुशिल्पी इथलाच झाला, १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २००७ साली तिरुवनंतपुरममध्ये त्यांचा देहान्त झाला. जवळपास मिळेल तो माल, गावातले कारागीर आणि राहणाऱ्याच्या सवयी, एवढ्यावर त्यांनी सुंदर आणि स्वस्त घरे उभी केली.

आता आमच्याकडे मिळणारा माल म्हणजे जांभा. चिरेखाणीतून चिरा निघतो तेव्हा तो मऊ असतो आणि वाऱ्यावर राहिला की कठीण होत जातो. म्हणून ताजा, ओला चिरा तसाच भिंतीत घालू नये. ज्यांना चिरा उघडा दिसावा असे वाटते, त्यांना आम्ही सांगतो की मग छप्पर पुरेसे बाहेर काढा आणि पावसाच्या अंगाला पडवी ठेवा. आपल्याकडची मंगलोरी कौले बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून होऊ लागली आणि पुढे सगळ्या किनाऱ्यावर पसरली. कौल उत्तम, पण ते नुसते ठेवून भागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगडात आणि आमच्या दापोली, मंडणगडाकडे किती छपरे उडाली हे आपण पाहिले आहे. तेव्हापासून छपराचा सांगाडा भिंतीशी पक्का जखडल्याखेरीज आम्ही कौल चढवीत नाही.

या धंद्याचा खरा मालक पाऊस आहे. ऑक्टोबरात काम सुरू करावयाचे आणि मे संपण्यापूर्वी घरावर छप्पर चढवावयाचे. मध्ये जेमतेम आठ महिने. त्यात पाण्याची अडचण निराळीच. हल्लीच्या मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला निदान दहा दिवस सतत ओल हवी, आणि एप्रिल-मेमध्ये तर विहिरी तळाला जातात. म्हणून स्लॅब असेल तर तो मार्चच्या आत टाकावा लागतो. चांगले गवंडी आणि सुतार मोजकेच. तेव्हा वर्षाला चार घरे, फार तर पाच. त्याहून अधिक कामे घेतली की एखादे घर उघडे राहून पावसात सापडणारच.

भगिनींनो, आता मी मुख्य मुद्द्यावर येते. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की हा धंदा चिरा-सिमेंटचा आहे. वस्तुतः तो दुसऱ्याचा पैसा सांभाळण्याचा आहे. किराणा दुकानदार आधी माल देतो आणि मग पैसे घेतो. आमच्याकडे गिऱ्हाईक आधी पैसे देते आणि घर पुढे दिसते. आणि हा पैसा कसला, तर कोणाचा भविष्यनिर्वाह निधी, कोणाचे मोडलेले दागिने, कोणाचे बँकेचे कर्ज. तो आपल्या खात्यात जमा झाला म्हणजे आपला झाला, असे ज्याच्या मनाने घेतले त्याचे पाऊल घसरले म्हणून समजावे.

एक उदाहरण सांगते. आमच्या शेजारच्या तालुक्यात एका निवृत्त शिक्षिकेने एका ठेकेदाराशी ३० लाखांचा ठराव केला. भिंती लिंटेलपर्यंत आल्या तोवर त्याने त्यांच्याकडून २४ लाख उचलले होते. मग काम थांबले. आणखी दोन घरेही तशीच अर्धवट राहिली. बाई आमच्याकडे आल्या. भावोजींनी जाऊन मोजमाप घेतले. झालेले काम फार तर १५ लाखांचे भरले. उरलेले ९ लाख कोठे गेले? त्या माणसाने ते चैनीत उडविले नव्हते. आधीच्या गिऱ्हाइकाच्या छपराला पैसे कमी पडले, ते त्याने बाईंच्या पैशांतून भागविले. बाईंचे छप्पर तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या पैशांतून घालणार होता. आणि त्या वर्षी पुढचे गिऱ्हाईक आलेच नाही. माणूस लबाड नव्हता, कामही बरे होते. पण एकाची तहान दुसऱ्याच्या घागरीने भागविता भागविता सगळ्याच घागरी रित्या झाल्या.

बाईंना त्यांचे गेलेले पैसे आम्ही देऊ शकत नव्हतो, आणि तसे स्पष्ट सांगितले. त्यांच्याजवळ सुमारे ६ लाख उरले होते. त्यात सबंध घर होणार नव्हते. मग आम्ही नकाशा पुन्हा मांडला. स्वयंपाकघर, एक खोली आणि न्हाणीघर एवढ्याच भागाच्या भिंती पूर्ण करून त्यावर पत्र्याचे छप्पर घातले, आणि बाकीच्या भिंतींच्या माथ्यावर सिमेंटचा थर देऊन त्या पावसापासून राखल्या. बाई आज तिथे राहतात. पुढची खोली त्या पेन्शनीतून हळूहळू पुरी करीत आहेत. पण ज्या घराचे चित्र त्यांनी चाळीस वर्षे मनाशी बाळगले होते, ते काही हे नव्हे.

सदनिका बांधून विकणाऱ्यांसाठी २०१६ साली कायदा झाला. ज्या प्रकल्पांना त्या कायद्याखाली नोंदणी लागते, त्यांना गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के निराळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्चाव्या लागतात. परंतु आपल्याच जागेवर ठेक्याने बांधून घेतलेल्या एकट्या घरास ते संरक्षण नाही. तिथे बंधन ठेकेदाराने स्वतःच स्वतःवर घालून घ्यावयाचे असते.

आमच्या सासूबाई महिन्याच्या पहिल्या तारखेस दूध, वाणी, फी यांचे पैसे निरनिराळ्या डब्यांत घालून ठेवीत. वाण्याच्या डब्यातला रुपया दुधाला लागला तरी त्या हात लावीत नसत. मी तेच करिते. डब्यांच्या जागी बँकेची खाती आहेत, एवढाच फरक. प्रत्येक घराचे खाते निराळे आणि वही निराळी. आमचे मेहनतान्याचे पैसेही त्या त्या टप्प्याचे काम पुरे झाल्यावरच त्या खात्यातून आमच्या खात्यात येतात.

टप्पे असे. ठराव ४० लाखांचा असेल, तर आरंभी १० टक्के म्हणजे ४ लाख. जोते झाले की ८ लाख, भिंती लिंटेलला आल्या की ८ लाख, छप्पर चढले की १० लाख, गिलावा आणि लादी झाली की ६ लाख, किल्ली देताना २ लाख ८० हजार. उरलेले १ लाख २० हजार आम्ही एक पावसाळा गेल्यावर घेतो. घर गळले तर आधी गळती काढावयाची, मगच पैसे मागावयाचे. असे टप्पे ठेवले की गिऱ्हाइकाचा पैसा कामाच्या फार पुढे धावत नाही, आणि आमचेही काम पैशाच्या फार पुढे जात नाही.

दुसरी गोष्ट वाढीव कामाची. खिडकी इकडची तिकडे करा, एक कट्टा वाढवा, असे कामावर उभे राहून सहज सांगितले जाते आणि गवंडी मान डोलावतो. शेवटी त्याचे पैसे मागितले की भांडण. म्हणून आमच्याकडे दुहेरी कागदाची वही आहे. बदल काय, खर्च किती, दिवस किती वाढणार, हे लिहून दोघांच्या सह्या झाल्याखेरीज चिरा हलत नाही. भावाचेही तसेच. २०२१ साली लोखंड भराभर महागले, तेव्हा ठरावातल्या कलमाप्रमाणे आम्ही बिले दाखवून फरक मागितला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा तो फरक त्याच कलमाने गिऱ्हाइकास परत केला. कलम दोन्ही बाजूंनी सारखे लागू झाले तरच त्याला अर्थ आहे.

तिसरी गोष्ट मजुरीची. शनिवारी दुपारी मजुरी वाटणे हे माझे काम, आणि तो दिवस मी आजवर चुकू दिलेला नाही. चिरे वाहणाऱ्या बाईस आणि चिरे वाहणाऱ्या गड्यास आमच्याकडे एकच मजुरी आहे. सारख्या कामास सारखा मोबदला हे कायद्याने १९७६ सालीच सांगितले आहे. पण कामावर जाऊन पाहाल तर ते अजून सगळीकडे पोहोचलेले नाही. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला सरकारी कल्याण मंडळाकडे नाव नोंदविता येते. त्यासाठी लागणारा दाखला आम्ही न मागता देतो. कागदाच्या एका तुकड्याने मुलांच्या शिष्यवृत्तीची वाट मोकळी होत असेल, तर तो द्यावयास काय जाते?

या नियमांनी धंदा वाढतो का, असे मला विचारतात. पुष्कळसा वाढत नाही. दुसऱ्याच्या आगाऊ पैशांवर जो धावतो तो चार वर्षांत मोटार घेतो. आमची जुनी जीप अजून चालू आहे. एप्रिलमध्ये कोणी मोठी रक्कम पुढे करून उद्याच पाया खणा म्हणतो, तेव्हा नाही म्हणताना जिवावर येते, कारण आमच्याही घरी खर्च आहेतच. परंतु पाऊस तोंडावर असता पाया उघडा टाकणे म्हणजे त्याचे पैसे चिखलात घालणे. त्याला ऑक्टोबरचा शब्द द्यावा आणि पैसे त्याच्याच खात्यात राहू द्यावेत. त्यातली निम्मी माणसे दुसरीकडे जातात. उरलेली निम्मी ऑक्टोबरात येतात, आणि आपल्या ओळखीच्यांनाही घेऊन येतात.

भगिनींनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी गावाकडे बांधावयाचा विचार चालला असेल, तर ठेकेदाराला तीन गोष्टी अवश्य विचारा. माझ्या घराचे पैसे कोणत्या खात्यात राहतील? टप्प्यांचा कागद कोठे आहे? आणि या वर्षी तुमच्या हाती किती घरे आहेत? जो या प्रश्नांनी रागावेल त्याला दुरूनच नमस्कार करावा. त्याआधी सातबारा, मोजणीचा नकाशा आणि बांधकामाची परवानगी स्वतः डोळ्यांनी पाहावी. सह्या करताना घरातल्या बाईने बाजूला बसू नये.

आणि कोणाच्या मुलीला या धंद्यात यावेसे वाटले, तर तिला अडवू नका. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे चार महिन्यांत कळू लागते. दुसऱ्याचा रुपया दुसऱ्याचाच म्हणून राखण्याची सवय शिकावयास मात्र वर्षे लागतात, आणि ती आपल्या मुली आपल्या स्वयंपाकघरांतल्या डब्यांपासून शिकतच आलेल्या आहेत.