“पोरगी घरीच शिकते” असं म्हणण्याआधी
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं मार्गदर्शन)



आज कर्जाच्या हप्त्यांचा विषय बाजूला ठेवून थोडं पोरांच्या शाळेबद्दल बोलू. गेल्या दोन महिन्यांत तीन गावांत मला एकच प्रश्न आला, “मॅडम, पोराला शाळेत न घालता घरीच शिकवलं तर चालतं का? कायदा काय म्हणतो?” मला मॅडम म्हणू नका, हे मी दर वेळी सांगते. पण प्रश्न मोलाचा आहे.

शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क त्यात दिलाय आणि मुलाला शाळेत दाखल करणं हे आईबापाचं कर्तव्य म्हटलंय. घरी शिकवायची परवानगी कुठून काढायची, नोंद कुठे करायची, असं त्यात काही नाही. शाळेत घातलं नाही म्हणून आईबापाला दंड करायची तरतूदही त्यात नाही. म्हणून शहरातली काही शिकलेली कुटुंबं घरी शिकवतात आणि पुढे मुक्त विद्यालयातून परीक्षा देववतात. ते जाणूनबुजून करतात, रोज चार तास मुलासोबत बसतात. आपल्याकडे “घरी शिकते” म्हणजे बहुतेक वेळा काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. धाकट्याला सांभाळते, शेळ्या बघते आणि वर्ष उलटायच्या आत सोयरिकीची बोलणी.

मी कुणाला दोष देत नाही. कारणं खरी असतात. शाळा लांब, एसटी वेळेवर नाही, आई ऊसतोडीला जाणार तर पोरगी कुणाकडे ठेवायची? पण कारण कुठलंही असो, एक गोष्ट धरून ठेवा, मुलाचं नाव कुठल्या तरी रजिस्टरला असलं पाहिजे. नाव कुठेच नसलं की ते मूल सरकारच्या हिशोबात नसतं. मग पुस्तक नाही, शिष्यवृत्ती नाही, आणि पुढे दहावीला बसवायचं म्हटलं की कागदासाठी पायपीट.

आता घरी शिकायचा हक्क कायद्याने कुणाला दिलाय, ते ऐका. ज्या मुलाला तीव्र अपंगत्व आहे किंवा एकापेक्षा जास्त प्रकारचं अपंगत्व आहे, त्याला घरी राहून शिकायचा पर्याय 2012 च्या दुरुस्तीने मिळाला. याला गृहाधारित शिक्षण म्हणतात. इथेच आपल्या बायका फसतात. एका गटातल्या वहिनींना शाळेतून सांगितलं होतं, “तुमचं लेकरू बसू शकत नाही, नाव कमी करा, घरीच शिकवा.” वहिनींनी मान हलवली आणि दाखला घेऊन आल्या. असं करू नका हो! घरी शिकलं तरी नाव शाळेच्या पटावरच राहतं, आणि विशेष शिक्षकाने घरी येऊन शिकवायचं असतं. आठवी होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. शाळेत जायचं की घरी शिकायचं हे पालकांनी ठरवायचं, शाळेने नाही. लेकरू चाकाच्या खुर्चीवर शाळेत जाऊ शकत असेल, तर शाळाच मागा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. पोच घ्या. नाही ऐकलं तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. एकटीने जाऊ नका, गटातल्या चारजणी जा. चारजणी दारात उभ्या राहिल्या की साहेबांना लगेच वेळ मिळतो.

मधेच शाळा सुटलेल्या मुलांचं काय? दहा वर्षांचं मूल पहिलीत बसवायची गरज नाही. त्याला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. वयाचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. ते दाखवून तिथल्या शाळेत बसवता येतं.

चौदा ओलांडलेल्या मुलींसाठी रस्ता वेगळा आहे. दहावी-बारावीला बाहेरून बसायचं तर राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म असतो. दहावीसाठी 14 वर्षं पूर्ण लागतात. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून तो पेटीत जपून ठेवा, बी-बियाण्यांच्या पावत्यांसोबत नको. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी फॉर्म कितीतरी महिने आधी भरावा लागतो. जानेवारीत विचारलं तर वर्ष गेलं. ज्यांची शाळा फार लवकर सुटली, त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे. तिथे पाचवी आणि आठवीचीही परीक्षा देता येते. पाचवीला वय 10 पूर्ण, आठवीला 13 पूर्ण. तुमच्यातल्या कुणाची स्वतःची आठवी राहिली असेल तर तुम्हीही बसू शकता. हसू नका, मी खरंच सांगतेय.

आणखी एक. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या गावच्या समितीत कोण बाई आहे, ती बैठकीला जाते की नुसती सही करते, हे विचारून या.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक कागद आणायचा आहे. 6 ते 18 वयाच्या आपल्या घरातल्या, शेजारच्या मुलामुलींची नावं, आणि समोर त्यांचं नाव कुठल्या शाळेच्या पटावर आहे ते. जिथे जागा रिकामी राहील, त्या घरी आपण मिळून जाऊ. सचिवताईंनी तेवढं आजच्या ठरावात लिहून घ्यावं.