रोमन सम्राटांची नाणी : संग्रहाचा आरंभ



इ.स. १८९८ मध्ये दक्षिणेतील पुदुक्कोट्टई संस्थानात सोन्याच्या रोमन नाण्यांचा एक साठा सापडला. नाणी होती ५०१, आणि त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव घातलेला होता. ते सोने पुन्हा चलन म्हणून फिरू नये, केवळ धातू म्हणून त्याचे मोल व्हावे, यासाठी हे घाव घातले असावेत, असे अनेक अभ्यासकांना वाटते. रोमन नाण्यांचा संग्रह करू पाहणाऱ्याने या घावापासून आरंभ करावा. सुटे विकले गेले असते, तर ते प्रत्येक नाणे 'खराब' ठरले असते. साठा एकत्र राहिला, मोजला गेला, म्हणूनच तो घाव इतिहासाचा पुरावा झाला.

हा विषय दूरदेशीचा असला, तरी भारताला परका नाही. रोममध्ये प्लिनीने तक्रार केली होती, की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून साम्राज्यातून दरवर्षी दहा कोटी सेस्टर्स ओढून घेतात. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात रोमन दिनारांवर चांगला बट्टा मिळत असल्याचा उल्लेख आहे आणि तेथे माल पुरवणाऱ्या पेठांत पैठण व तेर यांची नावे आहेत. तेरच्या उत्खननात रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या मुद्राही मिळाल्या आहेत. आपल्या जुन्या लेखांतील 'दीनार' हा शब्द त्याच 'डेनारियस'चा वंशज होय.

संग्रहाची पहिली खरेदी नाण्याची नसावी, पुस्तकाची असावी. १९२३ पासून खंडशः प्रसिद्ध झालेली 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' ही सूची आजही या अभ्यासाचा कणा आहे. दुसरी पायरी संग्रहालयाची. चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात दक्षिणेत सापडलेल्या रोमन नाण्यांचा मोठा ठेवा आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे. अस्सल नाणे पुष्कळ वेळा पाहिलेल्या डोळ्यालाच बनावट नाणे खुपते.

त्यानंतर प्रश्न येतो तो कोणते नाणे घ्यावे याचा. नवशिक्याचे मन सोन्याच्या 'ऑरियस'कडे किंवा ज्युलियस सीझरच्या नावाकडे धावते. तो मोह आवरावा. चौथ्या शतकातील कॉन्स्टन्टाइन आणि त्याच्या पुत्रांची छोटी तांब्याची नाणी अमाप पाडली गेली. म्हणूनच आज ती सर्वांत स्वस्त मिळतात आणि शिकवतातही सर्वांत जास्त. इ.स. ३३० पासूनच्या एका प्रकारावर दोन सैनिक आणि त्यांच्या मध्ये दोन ध्वजदंड दिसतात. सुमारे ३३५ पासून तेथे एकच ध्वजदंड उरतो, आणि नाण्याचे वजनही घटते. दोन्ही नाणी शेजारी ठेवून तराजूत तोलली, की साम्राज्याची ओढाताण विद्यार्थ्याला तळहातावर दिसते. त्याच नाण्याच्या तळाशी टांकसाळीची खूण असते. लंडनपासून अँटिऑकपर्यंतच्या टांकसाळी अशा दोन-चार अक्षरांवरून ओळखता येतात.

पुढचा अभ्यास मुद्रालेखाचा. रोमन नाण्यावर शब्द क्वचितच पूर्ण असतात. सम्राटाची पदे आद्याक्षरांत कोंबलेली असतात, आणि कोड्यासारखी ती सोडवावी लागतात. ट्राजनच्या नाण्यावर 'पाचव्यांदा कॉन्सल' अशी नोंद असेल, तर ते नाणे इ.स. १०३ ते १११ या काळातले. 'सहाव्यांदा' असेल, तर ११२ नंतरचे. 'ऑगस्टस' या पदाच्या संक्षेपात शेवटचे अक्षर दोनदा आले, तर सम्राट दोन, आणि तीनदा आले, तर तीन. लॅटिन न येणारा मुलगाही महिन्याभरात हे वाचू लागतो.

रुपेरी नाण्यांकडे वळल्यावर मात्र एक मोठी कथा उलगडते. ऑगस्टसचा डेनारियस जवळजवळ शुद्ध चांदीचा होता. नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास त्याचे वजनही उतरवले आणि कसही. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळी चांदी निम्म्यावर आली. कॅराकॅलाने २१५ मध्ये एक नवे नाणे काढले. त्यावर सम्राटाच्या मस्तकी किरणांचा मुकुट आहे. ते दोन डेनारियसच्या मोलाचे मानले जात असे, असे अभ्यासक सांगतात, पण त्यात चांदी होती दीडपटच. सुमारे अर्धशतकानंतर, गॅलिएनसच्या अखेरीस, त्याच नाण्यात चांदी नावापुरती उरली. तांब्यावर रुपेरी झिलई, आणि झिलईखाली रिकामा खजिना. ऑगस्टस, सेव्हेरस, कॅराकॅला आणि गॅलिएनस यांचे एकेक नाणे, अशी चार नाणी ओळीने मांडली, तर महागाई म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

खोट्या नाण्यांपासून जपावे लागते. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला जोडरेषा दिसते, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसतात, अक्षरे साबणासारखी गुळगुळीत असतात, आणि वजन सहसा जमत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि सेंटिग्रॅमपर्यंत तोलणारा काटा एवढी सामग्री पुरते. काही नकला मात्र प्राचीनच आहेत. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून त्या काळच्या लबाडांनी केलेली नाणी आज संग्राहक आवर्जून घेतात.

नाणे हाती आले, की घरोघरी पहिला विचार येतो तो चिंच, लिंबू आणि राखेचा. तांब्या-पितळेच्या भांड्याला जे शोभते, ते नाण्याला मारक ठरते. शतकानुशतके धरलेला हिरवा-तपकिरी थर हे नाण्याचे कवच आहे. तो एकदा घासला गेला, की परत येत नाही. पोपटी भुकटी दिसू लागली, तर मात्र तो रोग समजावा. ते नाणे वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. मऊ प्लॅस्टिकची पाकिटे टाळावीत, आम्लरहित कागदाची वापरावीत. पाकिटावर वजन, व्यास, विक्रेत्याचे नाव, तारीख आणि मिळाल्यास सापडल्याचे स्थळ लिहावे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, की नाणे आले कोठून. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या गुप्तधनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पण कायद्याच्या पलीकडेही एक गोष्ट आहे. नांगराला लागलेले गाडगे सोनाराच्या मुशीत जाते किंवा चोरबाजारात फुटते, तेव्हा नाणी कदाचित वाचतात, पण ती कोणी पुरली, कोणत्या काळी, कोणत्या नाण्यांसोबत, ही साक्ष कायमची पुसली जाते. असे नाणे 'स्वस्तात' विकत घेणारा पुढच्या गाडग्याची किंमत ठरवत असतो. म्हणून पावती आणि पूर्वेतिहास नसलेले नाणे, कितीही देखणे असो, सोडून द्यावे. सोडलेल्या नाण्यांवरूनच संग्राहकाची परीक्षा होते.

पालकांसाठी एवढेच, की मुलाला भेट द्यायची असेल, तर पेटीभर नाणी देऊ नयेत. एकच नाणे द्यावे, आणि सोबत एक कोरी वही. पहिल्या पानावर त्याने नाण्याचे वजन लिहावे, दुसऱ्यावर मुद्रालेख उतरवावा, तिसऱ्यावर टांकसाळीचे गाव नकाशात शोधावे. तीन पाने भरल्यानंतरच दुसऱ्या नाण्याची गोष्ट काढावी. आपल्या टांकसाळीपासून हजारो कोस दूर गेलेले नाणेही आपली अक्षरे टाकत नाही. मराठी मुलखाबाहेर साठ वर्षे मराठी अक्षरे गिरवून घेणाऱ्या शाळेच्या विद्यार्थ्यांना त्या चिकाटीचे मोल निराळे सांगायला नको.