घाट उतरताना गाडी गिअरमध्येच का ठेवायची?

पाऊस सुरू झाला, म्हणजे आता लोणावळ्याचे प्लॅन ठरणार. म्हणून आज थोडं फिजिक्स. परीक्षेचं नाही, घाटातलं.

कॉलेजात असताना मी आणि माझा मावसभाऊ बाइकवरून लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरत होतो. पेट्रोल वाचवायला मी शहाणपणा केला: इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे जळका वास यायला लागला. ब्रेक दाबतोय, पण गाडी धरतच नाही! कशीबशी कडेला घेतली. तिथे थांबलेला एक ट्रकवाला म्हणाला, "पोरा, ज्या गिअरात चढतोस, त्याच गिअरात उतरायचं."

त्या एका वाक्यात अख्खा धडा आहे. बघा कसा.

खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत आपण साधारण 500 मीटर खाली येतो. घर्षण आणि हवेचा विरोध नसताच, तर गुरुत्वाकर्षणाने खाली पोचेपर्यंत गाडीचा वेग ताशी 350 किलोमीटरच्या पुढे गेला असता. गाडी हलकी असो की जड, वेग तोच!

मग ही ऊर्जा जाते कुठे? ब्रेक ती संपवत नाही, घर्षणाने तिची उष्णता करतो. बाइक आणि दोघं मिळून 250 किलो धरा. त्या उतारात सुमारे 12 लाख ज्यूल ऊर्जा निघते. तेवढ्यात चार लिटर पाणी उकळेल. 40 टनांच्या ट्रकचा हिशोब केला तर साडेसहाशे लिटर! ही सगळी उष्णता ब्रेकवर पडली, तर लायनर इतके तापतात की त्यांचं घर्षणच कमी होतं. यालाच ब्रेक फेड म्हणतात. माझं तेच झालं होतं.

खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला, की चाकांना इंजिन फिरवावं लागतं. त्यात बरीच ऊर्जा खर्च होते आणि ब्रेक गार राहतात. न्यूट्रलमध्ये ही मदत आपणच तोडून टाकतो.

रेल्वेला हे पहिल्यापासून माहीत आहे. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली 1863 साली. तिथे सर्वांत तीव्र चढ 37 मीटरला 1 मीटर. म्हणजे 1000 टनांच्या गाडीला उतार सुमारे 27 टनांच्या जोराने खाली ओढतो, आणि लोखंडी चाक लोखंडी रुळावर पकड कमीच घेतं. म्हणून चढताना कर्जतला मागे बँकर इंजिनं लागतात, आणि उतरताना मंकी हिल, ठाकूरवाडीला गाडी मुद्दाम थांबवतात. ताबा सुटलेल्या गाडीसाठी तिथे कॅच सायडिंग असतं: वर चढत जाणारा वेगळा रूळ. खाली ओढणारं गुरुत्वाकर्षणच तिथे गाडी थांबवतं.

आपल्याला रस्त्यावर असं सायडिंग नेहमी मिळेलच असं नाही. त्यात पाऊस असेल तर टायरची पकडही कमी. चाक जाम झालं की गाडी घसरते, कारण घसरणाऱ्या टायरची पकड फिरणाऱ्या टायरपेक्षा कमी असते. म्हणून ब्रेक हळू दाबा, दोन्ही वापरा. गिअर नसलेली स्कूटर असेल, तर वेग आधीपासूनच कमी ठेवा आणि मध्ये थांबून ब्रेक गार होऊ द्या.

वाचलेलं पेट्रोल? दहा-वीस रुपयांचंही नसेल. मागे मावसभाऊ बसला होता. तो आजही त्यावरून मला बोलतो, आणि बरोबरच बोलतो.

भेटू पुढच्या भागात. घाट सावकाश उतरा!