उकिरडा कुणाच्या दारात?



‘प्रदूषणाला रंग नसतो’ असं अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळांतून सर्रास ऐकू येतं. ते साफ खोटं आहे, आणि त्याचा पुरावा विद्यार्थ्यांनीच गोळा केलेला आहे. 1979 साली ह्यूस्टनमध्ये नॉर्थवुड मॅनर या कृष्णवर्णीयांच्या वस्तीला खेटून डम्पिंग ग्राउंड करायचं घाटत होतं. रहिवासी कोर्टात गेले. टेक्सस सदर्न विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट बुलार्ड यांनी पुराव्यासाठी आपल्या विद्यार्थ्यांना कामाला लावलं. या मुलांनी पालिकेची जुनी दप्तरं उपसली, गल्ल्या पालथ्या घातल्या आणि शहराचा कचरा कुठे कुठे पडतो ते नकाशावर मांडलं. पालिकेची पाचही डम्पिंग ग्राउंडं कृष्णवर्णीय वस्त्यांत निघाली, कचरा जाळायच्या आठांपैकी सहा भट्ट्याही तिथेच. शहराच्या लोकसंख्येत हे लोक होते जेमतेम चौथा हिस्सा! खटला अखेर रहिवासी हरले, पण ती आकडेवारी कुणाला पुसता आली नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: हा गरिबीचा प्रश्न आहे, उगाच वर्ण कशाला मध्ये आणता? नॉर्थवुड मॅनर ही झोपडपट्टी नव्हती. स्वतःची घरं बांधून राहिलेल्या मध्यमवर्गीयांची वस्ती होती. 1987 साली युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टच्या वर्णन्याय आयोगाने देशभरची पाहणी केली, उत्पन्न आणि घरांच्या किमतीही ताडून पाहिल्या. घातक कचऱ्याची केंद्रं कुठे आहेत याच्याशी सगळ्यात घट्ट नातं निघालं ते वर्णाचं.

दुसरा आक्षेप जास्त मानभावी आहे: वर्णाचा विषय काढला की पर्यावरणाची चळवळ फुटते. ती एकसंध होती कधी? 1982 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीयबहुल वॉरन काउंटीत पीसीबी या रसायनाने विषारी झालेली माती पुरायला लोकांनी विरोध केला, ट्रकपुढे ते आडवे झाले, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. त्याच दशकात मोठमोठ्या पर्यावरण संस्थांचा कारभार गोऱ्या हातांतच राहिला. 1990 साली नैऋत्येकडच्या कार्यकर्त्यांनी अशा दहा संस्थांना पत्र पाठवून त्याचा रोखठोक जाब विचारला. ज्याच्या घशात धूर जातो त्याला ठराव लिहायच्या टेबलावर जागा नसेल, तर ठरावात जंगल येतं, अस्वल येतं, पण धुराडं येत नाही. म्हणून अशा वस्त्यांतले आजचे विद्यार्थी विद्यापीठांच्या पर्यावरण संघटनांत नेतृत्वाचा वाटा मागतात तेव्हा ते मेहेरबानी मागत नाहीत, चळवळीचं चुकलेलं काम दुरुस्त करतात.

आणि आपण आपल्या मुलांना काय म्हणतो? ‘या भानगडीत पडू नकोस, अभ्यास कर.’ ज्या 1965च्या इमिग्रेशन कायद्याने आपल्याला या देशाचं दार उघडलं, त्यामागे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क लढ्याचा रेटा होता. आपली मुलं त्यांच्या बाजूने उभी राहिली तर ती केवळ परतफेड ठरेल. तेव्हा माझी या सभेकडे उघड मागणी आहे: मंडळाने पर्यावरणासाठी ठेवलेला निधी वृक्षारोपणाच्या फोटोंवर घालवू नये. आपल्याच शहरात कचऱ्याच्या आणि कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या वस्त्यांतल्या विद्यार्थी संघटनांच्या हाती तो द्यावा, आणि तो कसा खर्च करायचा हे त्यांनाच ठरवू द्यावं. हा ठराव मी आजच, या व्यासपीठावरून मांडतो आहे.