समुद्रांत हरवलेलें आडनांव

मॉरिशस बेटावरील एखाद्या मराठी घरीं गणेशचतुर्थीस गेलें, तर मूर्ति, आरती, प्रसाद सारें ओळखीचें वाटतें. त्या दिवशीं तेथें सरकारी सुटी असते. परंतु यजमानांचें आडनांव कानीं पडलें, कीं महाराष्ट्रांतील पाहुणा बुचकळ्यांत पडतो. तें मुळीं आडनांव नव्हेच. खापरपणजोबांचें स्वतःचें नांव तें!

असें कां झालें, हें पाहण्यासाठीं २ नोव्हेंबर १८३४ पर्यंत मागें जावें लागतें. त्या दिवशीं 'अ‍ॅटलस' जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरास लागलें. गुलामगिरी संपुष्टांत येत होती आणि उसाच्या मळ्यांना माणसें हवीं होतीं. पुढें सुमारें साडेचार लाख हिंदी माणसें त्या बेटावर उतरलीं. त्यांत बहुसंख्य बिहार व मद्रास इलाख्याकडील. परंतु मुंबईहूनही जहाजें सुटलीं, आणि त्यांत कोंकणांतले व घाटावरचे मजूर होते.

बंदरावर कारकुनानें प्रत्येकाची नोंद केली : क्रमांक, नांव, बापाचें नांव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, गांव. १८६० नंतरच्या दशकांत छायाचित्रेंही निघूं लागलीं. हीं दप्तरें आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेलीं आहेत. ज्या घरीं पूर्वजाचा क्रमांक ठाऊक आहे, त्याचें निम्में काम झालें म्हणावें. आडनांव मात्र त्या नोंदींत सहसा आलेंच नाहीं. मुलांनीं बापाचें नांव लाविलें आणि तेंच वंशाला चिकटलें. आयांचीं माहेरें तर कोणी विचारलींही नाहींत.

गांवाची कथा याहून बिकट. मराठी उच्चार इंग्रजी अक्षरांत उतरवितांना तळवडें कीं तळवली, हा भेद कारकुनास कोठून कळणार? वडगांवें आणि नांदगांवें तर आपल्याकडे जागोजागीं. जिल्हा नीट वाचतां आला तरी सावध राहावें लागतें. नोंदींतील 'रत्नागिरी' म्हणजे १९८१ सालीं वेगळा झालेला सिंधुदुर्ग असूं शकेल. 'सातारा' म्हणजे आजची सांगलीही असूं शकेल, कारण दक्षिण सातारा १९४९ सालीं निराळा काढला गेला. 'आम्ही मुंबईचे' अशी घरांत आठवण असेल, तर ती बहुधा गांवाची नसून बंदराची असते. अशा वेळीं कागदापेक्षां जाखडीचा ठेकाच खरी दिशा दाखवितो. तो नाच तेथें टिकला आहे, आणि तो कोंकणचा आहे.

समजा, गांव सांपडलें आणि नातू तेथें येऊन उभा राहिला. जमिनीचें दप्तर जमीनधारकांचें; ज्याच्या नांवें एक गुंठाही नव्हता, तो त्यांत कसा सांपडावा? आणि समुद्र ओलांडणारा पुष्कळदां असाच असे. गांवकऱ्यांनाही क्षणभर शंका येते, कीं हा वाटा मागावयास तर आला नाहीं? त्यांना दोष देणें कठीण. इतक्या पिढ्यांनीं नुसतें कुलदैवत विचारण्यासाठीं कोणी समुद्र ओलांडून येईल, हें त्यांना खरें वाटत नाहीं.

आणखी एक मार्ग उरतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून यजमानांच्या पिढ्यान् पिढ्या लिहिलेल्या असतात. मागें राहिलेल्या भावांपैकीं कोणी तेथें गेला असेल, तर सारी शाखा हातीं लागते. नातू मोठ्या आशेनें तेथें पोंचतो. उपाध्ये आदरानें बसवून घेतात आणि वही काढण्यापूर्वीं विचारतात, "गांव?" तें तो सांगतो.

"आणि आडनांव?"