अनुदान सरकारचं, शाळा आपली. मग हिशेब कुणाला?



अल्पसंख्याकांच्या शाळांचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, धर्माच्या नावानं चालणाऱ्या शाळेला सरकारी पैसा कशाला? दुसरा म्हणतो, शाळा आमची आहे, आत काय चालतं ते विचारू नका. या दोन्हींपेक्षा वेगळा रस्ता नेदरलँड्सनं काढला, तो आपण समजून घेऊ.

तिथं प्रोटेस्टंट आणि कॅथलिक लोकांनी आपापल्या शाळांसाठी अनेक दशकं राजकीय लढा दिला. १९१७ मध्ये राज्यघटना बदलली. प्राथमिक शाळा सरकारी असो की धार्मिक संस्थेची, दोघींना सारखाच सरकारी पैसा मिळू लागला. आज घटनेचं हे कलम २३ आहे. देशातली साधारण दोन तृतीयांश मुलं खाजगी संस्थांच्या, पण सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळांत शिकतात. त्यात ख्रिस्ती शाळा आहेत, स्टायनरच्या शिक्षणविचारावर चालणाऱ्या आहेत, सुरीनामहून आलेल्या हिंदूंच्या आहेत आणि १९८८ पासून मुस्लिमांच्याही आहेत.

धर्म कसा शिकवायचा, हे शाळा ठरवते. पण शिक्षक पात्र हवेत, भाषा-गणितात मुलांनी काय गाठायचं ते ठरलेलं आहे आणि निरीक्षकांचे अहवाल कुणालाही वाचता येतात. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्याकडे कोड कुणीही लिहो, टेस्ट सगळ्यांना सारखीच.

ही टेस्ट दोन्ही बाजूंना लागू होते. २०१३ मध्ये रॉटरडॅमच्या इब्न घलदून या मुस्लिम शाळेतून परीक्षेचे पेपर चोरीला गेले. शिक्षणाचा दर्जाही खालावलेला होता. सरकारनं पैसा थांबवला आणि शाळा बंद झाली. उलट, ॲमस्टरडॅमच्या एका नव्या मुस्लिम माध्यमिक शाळेला सरकारनं निधी नाकारला, तेव्हा २०१७ मध्ये न्यायालयानं शाळेच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे मुस्लिम म्हणून अडवायचं नाही आणि मुस्लिम म्हणून सोडायचंही नाही.

आता आपल्या घटनेकडे या. कलम ३० आपल्याला शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. शाळा अल्पसंख्याकांची आहे म्हणून अनुदानात भेदभाव करता येत नाही. त्याच वेळी कलम २८ सांगतं की अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येणार नाही; मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. आणि १९५८ मध्येच केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की शाळा चालवण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही.

२०१४ च्या निकालानं अल्पसंख्याक शाळा शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. म्हणून आपली जबाबदारी वाढली. कायदा विचारत नसेल, तर समाजानं विचारायला हवं.

काय विचारायचं? आपल्या भागातल्या अनुदानित शाळेत किती शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत? गणित आणि विज्ञान कोण शिकवतं? प्रयोगशाळेचं कुलूप शेवटचं कधी उघडलं? दहावीनंतर किती मुली पुढे शिकतात? नेमणुका गुणवत्तेवर होतात की विश्वस्तांच्या नात्यागोत्यात? आधी मुख्याध्यापकांना भेटा. उत्तर मिळालं नाही तर शिक्षणाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा.

कुणी म्हणेल, यानं आपल्याच संस्थेची बदनामी होईल. माझं म्हणणं एवढंच की कलम ३० विश्वस्तांच्या खुर्चीसाठी नाही, तिथं बाकावर बसलेल्या मुलामुलींसाठी आहे. सरकारनं हक्क काढून घ्यायचा प्रयत्न केला तर आपण एकत्र लढू. पण त्या लढाईला जाताना आपल्या शाळेचा निकाल ताठ मानेनं दाखवता आला पाहिजे.

आता तुमचे प्रश्न विचारा.