आरोग्य विम्याचा वाढता हप्ता आणि आपण



संयोजकांनी मला 'कॉम्प्युटर क्षेत्रातल्या नव्या संधी' यावर बोलायला सांगितलं होतं. ते तुमची मुलं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील, म्हणून संयोजकांना विचारून मी विषय बदलला. आपली १९९६ची दहावीची बॅच. आपण पंचेचाळिशीला आलो, समोर बसलेले आपले सर आणि बाई निवृत्त झाले, आईवडील सत्तरीच्या पुढेमागे आहेत. अशा घरांत जो खर्च सगळ्यात वेगानं वाढतोय, तो म्हणजे आरोग्य विम्याचा हप्ता. आज त्याबद्दल बोलते.

मागच्या वर्षी आपण ग्रुपवर एका मित्रासाठी पैसे गोळा केले, ते सगळ्यांना आठवत असेल. त्याला विचारूनच सांगतेय, नाव घेत नाही. पक्षाघाताचा झटका आला. आधी अंबाजोगाई, तिथून छत्रपती संभाजीनगरला एका खासगी दवाखान्यात. आपल्याला वाटलं, यानं विमा काढलाच नव्हता. तसं नव्हतं. सहा वर्षं त्यानं न चुकता हप्ता भरला होता आणि सहा वर्षांत एक रुपयाही मागितला नव्हता. मग एका वर्षी नूतनीकरणाचा मेसेज आला, हप्ता जवळजवळ दीडपट. त्याच महिन्यात मुलीची अकरावीची फी. तो म्हणाला, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. तीस दिवसांची सवलतीची मुदत निघून गेली, पॉलिसी बंद पडली. झटका आला तो त्यानंतर पाच महिन्यांनी.

हे मी पुण्यातही बघते. लोक विमा काढतात तिशीत-पस्तिशीत, आणि हप्ता जड झाला म्हणून सोडतात पन्नाशीत-साठीत, म्हणजे नेमका लागायच्या वेळी.

हप्ता वाढतो का? भिशी आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो. विमा म्हणजे अशी भिशी, जिथं आपला नंबर लागू नये म्हणून आपण देवाला हात जोडतो. ज्यांचा लागतो त्यांचं बिल बाकीच्यांच्या पैशातून जातं. आता भिशीत सगळे साठीच्या पुढचे असतील तर नंबर रोजच लागणार. म्हणून वयाचा टप्पा ओलांडला की हप्ता चढतो, आणि दवाखान्याचे दर वाढले की सगळ्यांचाच चढतो.

माझ्या कंपनीच्या विम्यात मला हे कळत नव्हतं, कारण त्या भिशीत माझ्यासोबत पंचविशीतली शेकडो पोरं आहेत. त्यांच्या तब्येतीवर माझा हप्ता स्वस्त. पण नोकरी संपते त्या दिवशी ते कवच संपतं. आमच्या क्षेत्रात पन्नाशी हेच निवृत्तीचं वय होत चाललंय, असं आम्ही कँटीनमध्ये हसत म्हणतो. हल्ली हसणं कमी झालंय. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींचं नाव फक्त नवऱ्याच्या कंपनीच्या पॉलिसीत आहे? त्याची नोकरी गेली की एकाच दिवशी दोघंही उघडे पडता.

थोडं गणित करू, सर रागावणार नाहीत. साठीच्या जोडप्याचा हप्ता वर्षाला ४०,००० रुपये आहे असं धरा. दर वर्षी १० टक्के वाढला तर सत्तरीत तो १,०३,००० च्या पुढे जातो आणि ऐंशीत २,६९,००० होतो. १० टक्के हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी बोला, असं विमा नियामक प्राधिकरणानं जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना बजावलं. दिलासा आहे, पण १० टक्के सुद्धा कुठं जातात ते आत्ता बघितलंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, तेही चांगलंच झालं. मात्र कर एकदाच जातो, वाढ दर वर्षी येते.

आता दुसरी बाजू. आपल्यापैकी निम्म्यांचे वडील साखर कारखान्यात, एसटीत नाहीतर सूतगिरणीत होते. त्यांना ईपीएस-९५ ची पेन्शन. तिची किमान रक्कम २०१४ पासून महिन्याला १,००० रुपये आहे, म्हणजे वर्षाचे १२,०००. आजच्या नियमानं १५,००० च्या पगारमर्यादेवर ३५ वर्षं नोकरी केली तरी सूत्राप्रमाणे ७,५०० च्या आसपासच बसतात. माझ्या वडिलांना दोन हजारांच्या आत मिळते. या पेन्शनरांचं आंदोलन बुलढाण्यातून वाढलं. ते ७,५०० रुपये किमान पेन्शन आणि महागाई भत्त्यासोबत नवरा-बायकोला मोफत उपचार मागतात. त्यातली उपचारांची मागणी मला पेन्शनवाढीपेक्षाही रास्त वाटते. शिक्षकांचं थोडं बरं, पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. आणि शेती करणाऱ्या किंवा दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या मित्रांना निवृत्ती हा शब्दच लागू होत नाही.

ज्यांना हप्ता झेपतच नाही त्यांनी हताश होऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता रंग न बघता सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. शुभ्र कार्डवालेही आले, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं. खासगी विमा असला तरी मिळतं. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर सत्तरीच्या पुढच्यांसाठी आणखी पाच लाख वेगळे. अडचण एवढीच की दवाखाना योजनेच्या यादीतला हवा आणि आजार ठरलेल्या उपचारांत बसायला हवा. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि बाहेरच्या तपासण्या यात येत नाहीत. आपला मित्र ज्या दवाखान्यात पोचला, तो यादीत नव्हता. रात्री दोन वाजता कुणी यादी बघत नाही. ती आत्ताच बघून ठेवा. आपल्या भागातला कोणता दवाखाना कोणत्या आजारासाठी यादीत आहे, हे कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा. आमच्या घरी आईनं ते पंचांगाशेजारी लावलंय.

ज्यांना झेपतं त्यांना माझं सांगणं थोडं कडक आहे. नोकरीत असतानाच, तब्येत ठीक असतानाच, स्वतःच्या नावावर वेगळी पॉलिसी घ्या. आधीच्या आजारांसाठीची वाट आता जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे, पूर्वी चार होती. ती पन्नाशीच्या आत संपलेली बरी. शुगर असेल तर फॉर्मवर शुगर लिहा. एजंट म्हणेल, कशाला लिहिता. त्याचं ऐकू नका. सलग पाच वर्षं झाल्यावर, फसवणूक सोडली तर, माहिती दिली नाही म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पण ती पाच वर्षं सरळ काढायची असतात. नोकरी सोडताना कंपनीचं कवच संपण्याआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा, झालेली वर्षं मोजली जातात.

आणि हप्ता जड झाला तर पॉलिसी बंद करू नका, लहान करा. दहा लाखांची पाच लाखांवर आणा. नाहीतर एका ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपण सोसायचा आणि त्यावरचा कंपनीनं, अशी सुपर टॉप-अप बघा, ती बरीच स्वस्त पडते. ज्येष्ठांच्या पॉलिसीत को-पे किती टक्के आहे, खोलीभाड्याला मर्यादा आहे का, हे विचारल्याशिवाय सही करू नका. नवी पॉलिसी घ्यायला वयाची ६५ ची अट एप्रिल २०२४ मध्ये गेली, त्यामुळे आईवडिलांसाठी विचारायलाही हरकत नाही. मात्र भाव ऐकायची तयारी ठेवा.

आपला मित्र आज आलाय, मागच्या रांगेत बसलाय. डावा हात अजून नीट चालत नाही, पण मघाशी हजेरी घेतली तेव्हा त्यानं उजव्या हातानं पहिल्यासारखाच बाक वाजवला. त्याची नवी पॉलिसी कुणी द्यायला तयार नाही. आम्ही दोघं अजून अर्ज करतोय.

जेवणानंतर मी आणि आपल्याच बॅचचे दोघं लॅपटॉप घेऊन व्हरांड्यात बसणार आहोत. सत्तरीच्या पुढच्या सरांनी आणि बाईंनी आधारकार्ड आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन यावं, वय वंदनाची नोंदणी तिथंच करून देऊ. ज्यांनी आईवडिलांना सोबत आणलंय त्यांनीही या. मोबाईल नंबर आधारला जोडलेला नसेल तर ते काम आधी आधार केंद्रावर करून घ्यावं लागेल.